जाताना नख, येताना गर

पुंडलिकनगरच्या आमच्या फ्लॅटपासून चार इमारती सोडून साखरेच्या आजाराचे एक डॉक्टर बसतात. दर तीन महिन्यांनी मी जाते. चप्पल काढायची, पाय स्टुलावर ठेवायचे, डोळे मिटायचे. मग त्यांच्याकडची मुलगी तळपायाला नायलॉनच्या दोऱ्यानं एकेका ठिकाणी टोचते आणि विचारते, "आजी, लागतंय का?" मी प्रत्येक वेळी "लागतंय" म्हणते. खरं तर अर्ध्या जागी मला काही कळत नाही. तिच्या श्वासावरून आणि खुर्चीच्या करकरीवरून अंदाज घेते आणि हो म्हणून मोकळी होते. सुनेला हे कळलं तेव्हा ती रागावली. अशानं पाय जाईल एखाद दिवशी, म्हणाली. तिचं बरोबरच आहे. पण "लागतंय का?" या प्रश्नाला खरं उत्तर देऊन काय होतं, ते मी एकदा पाहिलंय. तेव्हा मी सातवीत होते आणि आम्ही करमाडला राहत होतो.

आई त्या साली तापानं गेली. मी रडले नाही. मुद्दाम नव्हे, रडू आलंच नाही. आईला न्यायच्या वेळी बायकांनी मला धरून पुढं आणलं, कुणी गालाला चिमटा घेतला, कुणी कानाशी येऊन "तुझी आई चालली गं, पुन्हा नाही दिसायची" असं चार-चारदा सांगितलं. मला ऐकू येत होतं. अंगणात टाकलेल्या सतरंजीचा एक कोपरा दुमडलाय आणि तो कुणीतरी सरळ करायला हवा, एवढंच माझ्या मनात होतं. दहाव्यापर्यंत सगळ्यांनी वाट पाहिली आणि मग "पोरगी दगड झाली" असं ठरून गेलं. आत्या, म्हणजे दादांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. तिनं घर हातात घेतलं. ती मला अधूनमधून समोर बसवून आईच्या आठवणी काढायची आणि माझ्या डोळ्यांकडं पाहत राहायची. काही होत नाही म्हटल्यावर उठून कामाला लागायची. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते मुळातच कमी बोलणारे, त्यात आता जेवताना ताटाचा आवाज होऊ नये अशा बेतानं जेवू लागले. मंदाताई, माझी मोठी बहीण, रात्री रडायची आणि सकाळी सुजल्या डोळ्यांनी भाकऱ्या थापायची. तिचा मला हेवा वाटायचा.

आई असताना आमच्या घरात आवाज फार. ती येसर भाजायला बसली की कढईतल्या धण्या-मिरच्यांबरोबर सगळं घर शिंकायचं आणि तीच हसायची. तिच्या हातच्या येसराच्या आमटीत भाकरी कुस्करली की दुसरं काही लागत नसे. आत्याची आमटीही चांगली व्हायची असं सगळे म्हणत. मला मीठसुद्धा कळत नव्हतं. एकदा आत्या मीठ घालायलाच विसरली, मी ते वरण वाटीभर पिऊन उठले आणि आत्यानं दादांकडं पाहिलं. तेव्हापासून माझ्या ताटात सगळं जरा जास्तच तिखट पडू लागलं. तेही मी गुमान खात होते.

आमचं शेत गावापासून अर्ध्या कोसावर. तिथं विहिरीजवळच्या लिंबाखाली सखाबाबांचं खोपट होतं. सखाबाबा धनगर. आधी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. हिवाळ्यात आमच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला यायचे, पुढं गुडघे धरले तेव्हा दादांनी त्यांना तिथंच राहा म्हटलं. उरलेली पाच-सहा मेंढरं आणि आमची राखण. बायको कधीच वारलेली. तरुणपणी ते खंडोबाच्या जागरणाच्या मेळ्यात तुणतुणं वाजवायचे आणि ते तुणतुणं अजून त्यांच्याजवळ होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. लाकडाचा पायलीएवढा डबा, तळाला चामडं, कडेला वर गेलेली हातभर दांडी, दांडीच्या टोकाला खुंटी आणि चामड्यापासून खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. त्यांची तार सायकलच्या ब्रेकमधून काढलेली होती. तारेला एकच सूर. खुंटी पिळली तर तो वर चढतो किंवा खाली उतरतो, पण वाजवताना एकच.

दुपारची जेवणं घेऊन शेतात जायचं काम माझ्याकडं आलं होतं. एक दिवस सखाबाबा लिंबाला टेकून नुसतंच वाजवत बसले होते. गाणं नाही, काही नाही. तुण तुण तुण तुण. मी गाठोडं खाली ठेवलं आणि बसले. किती वेळ बसले कोण जाणे, भाकरी वाळून गेली. आई गेल्यापासून जो येईल तो माझ्याकडून काहीतरी मागत होता. रड, बोल, जेव, आठव. त्या सुराचं काही मागणं नव्हतं. तो आपला एकसारखा चालला होता, मला बरं वाटो वा न वाटो. मला तो फार आवडला.

"मला शिकवा," मी म्हटलं.

"खुळी का काय," सखाबाबा म्हणाले. "पाटलाच्या घरची पोर तुणतुणं वाजवती व्हय? लोक म्हणतील तमाशात चालली."

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाकललं, मी विहिरीपाशी जाऊन बसले आणि तिथून म्हटलं. असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. मी हट्टी नव्हते, अजूनही नाही, पण त्यावेळी मला दुसरं काही हवंच नव्हतं. अखेर ते म्हणाले, "तुझ्या आईनं माझ्या म्हातारीला शेवटी पेज पाजली होती. ये. पर घरी सांगायचं नाय." एवढं ध्यानात ठेवा, मागं मी लागले होते. ते नव्हते.

लोकांना वाटतं एका तारेत शिकायचं काय. डबा डाव्या कुशीत घ्यायचा, दांडी खांद्याला टेकवायची आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं तार छेडायची, झालं. पुष्कळजण लाकडाच्या काडीनं वाजवतात. सखाबाबांना ते पटत नसे. काडीला काय कळतं, म्हणायचे. बोट तारेवरून जाताना नखानं छेडायचं आणि परत येताना बोटाच्या पुढच्या मऊ भागानं. त्या भागाला ते गर म्हणत. "जाताना नख, येताना गर." नखाचा आवाज टोकदार, गराचा गोल, आणि दोन्ही मिळून तुण-तुण. नख किती ठेवायचं, तर ज्वारीचा एक दाणा बाहेर दिसेल एवढं. बोट हलवायचं नाही, हलवायचं ते मनगट. बोट नुसतं बरोबर जातं. चाल विचारली तर ते मेंढरांकडं बोट दाखवायचे. सकाळी चरायला निघालेली मेंढरं रेंगाळत चालतात ती एक चाल, पाणी दिसलं की दुडक्या पावलांनी निघतात ती दुसरी. या दोन आल्या की महाराष्ट्रभर कुणाच्याही मागं उभी राहशील, म्हणायचे. सगळ्यात अवघड होतं थांबणं. मी एका छेडीवर दुसरी छेड घाई करून मारायची आणि ते म्हणायचे, "तिचं बोलून होऊ दे की. मधीच का तोडती?"

आणि बोट मरावं लागायचं. हा त्यांचाच शब्द. पहिल्या आठवड्यात माझ्या बोटाला पाण्याचा फोड आला, तो फुटला, तिथं दुसरा आला. त्यावर ते हळद आणि गोडं तेल लावायचे. मग कातडी जाड होऊ लागली. रोज शिकवायला बसण्याआधी सखाबाबा बाभळीचा काटा घ्यायचे, माझं बोट धरायचे आणि हलकेच टोचायचे.

"लागतंय का?"

"लागतंय."

"मंग अजून जितंय. चल, बस."

घरी माझ्याकडं तुणतुणं नव्हतं, म्हणून मी बाजेच्या सुतळीवर हात बसवायची. जाताना नख, येताना गर. आत्या म्हणायची, बाज काय खाजवत बसलीस. शाळेत बाकाच्या कडेवर, जेवताना ताटाच्या काठावर. बोट रोज थोडं थोडं मरत होतं आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. माझ्यात जे आधीच झालं होतं ते निदान या एका ठिकाणी कामाचं होतं. एक दिवस तारेनं बोट चिरलं आणि रक्त तारेवर दिसेपर्यंत मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी काटा टोचला तेव्हा मी म्हटलं, "नाय लागत." सखाबाबांनी जरा जोरानं टोचला. "नाय." त्यांनी काटा टाकून दिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मेलं. लई चांगलं मेलं." त्या दिवशी पहिल्यांदा मी दुडकी चाल न चुकता वाजवली.

त्याच आठवड्यात शाळेत तपासणीला सरकारी दवाखान्यातल्या बाई आल्या. अंगावर फिकट चट्टे असलेल्या मुलांना त्या रांगेत बसवत होत्या. माझ्या गालावर आणि दंडावर शिबं उठलं होतं, म्हणून मीही बसले. डोळे मिटायला सांगून त्या चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवत आणि कुठं लागलं ते दाखवायला सांगत. गालावरचं मला कळलं, दंडावरचंही कळलं. मग त्यांनी माझे हात उलटे करून पाहिले आणि त्या बोटाशी थांबल्या. पुढचा भाग पांढुरका, टणक आणि त्यावर चिरल्याची खूण.

"हे कधी कापलं?"

"कळलं नाय."

"डोळे मीट. लागतंय का?"

"नाय," मी म्हटलं.

"आता?"

"नाय."

पेन बाजूला ठेवून त्यांनी टाचणी घेतली असावी. "आणि आता?"

"नाय लागत," मी म्हटलं आणि हसले. आई गेल्यावर मी हसले ती तीच पहिली वेळ. मेहनतीनं मिळवलेलं उत्तर होतं ते. डोळे उघडले तेव्हा बाई माझ्याकडं फार मायेनं पाहत होत्या. त्यांनी एका कागदावर काहीतरी लिहिलं आणि वडिलांना दे म्हणाल्या.

कागदात एवढंच होतं की मुलीला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दाखवावं, बोट बधिर आहे, कुष्ठरोग नाही ना याची खात्री करावी. उशीर केला नाही तर पूर्ण बरा होतो, असंही खाली लिहिलं होतं. ती ओळ आमच्या घरात कुणी वाचली नाही. त्वचेचे डॉक्टर ज्या दिवशी बसतात तो दिवस पुढच्या आठवड्यात होता. तोवर आमच्याकडं जे झालं त्यात कुणी आरडाओरडा केला नाही. आत्यानं माळ्यावरचं जर्मलचं ताट आणि पेला काढून घासून माझ्यासाठी वेगळं ठेवलं. माझं अंथरूण ओसरीवर आलं. रोगाचं नाव कुणी घेत नव्हतं, सगळे "ते" म्हणत होते. मंदाताईचं सोयगावच्या एका घरी जमत आलं होतं. पाहुणे सुपारी फोडायला येणार होते, त्यांना आत्यानं घरात ताप आहे असा निरोप धाडला. मंदाताई माझ्यापासून तीन हात लांब बसून मला भाकरी वाढायची. तिला माझी भीती वाटत होती की दया येत होती, मला सांगता येणार नाही. तिचं लग्न माझ्या बोटाशी अडकलंय एवढं मात्र मला समजत होतं.

एक वाक्य बोलले असते तर सगळं सुटलं असतं. मी तुणतुणं वाजवते म्हणून बोट असं झालंय. पण ते बोलले तर तुणतुणं जाणार, सखाबाबाही जाणार. न बोलले तर ताईचं लग्न जाणार. मी ओसरीवर बसून दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून पाहत राहायची आणि कुठलीच जड होत नव्हती. आज कुणी विचारलं तर मी भित्री होते असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. भीती तरी वाटायला हवी होती. मी बाजेच्या सुतळीवर बोट फिरवत राहायची आणि आत्या लांबूनच म्हणायची, "हात लावू नको गं त्या बाजेला."

शेतात जेवण घेऊन आता गडी जात होता. त्याच्याकडून सखाबाबांना कळलं. दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी ते आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. काखेत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं तुणतुणं होतं. दादा ओसरीवर हिशोब वगैरे काही न करता नुसतेच बसले होते. आत्या दारात, मी खांबाला टेकून.

"मालक," सखाबाबा म्हणाले, "दाभण हाय का घरात?"

दादांना काही उमगेना. पोती शिवायचं दाभण कोनाड्यात होतं, ते त्यांनी काढून दिलं. सखाबाबांनी ते परत त्यांच्याच हातात दिलं आणि स्वतःचं उजव्या हाताचं पहिलं बोट पुढं केलं. "टोचा."

"काय चाललंय बाबा?"

"टोचा म्हणतो ना."

दादांनी टोक टेकवलं. सखाबाबा म्हणाले, "अजून." दादांनी जोर केला. दाभण कातडीत शिरल्याचं मला लांबून दिसलं.

"मला लागत नाय मालक. चाळीस वर्सं झाली. मला कुठं रोग हाय?" त्यांनी फडकं सोडलं, तुणतुणं कुशीत घेतलं आणि दोनदा छेडलं. एकदा नखानं, एकदा गरानं. "पोरीला मी शिकवलं. तिचं काय नाय त्यात. मीच बोलावली तिला."

दादा माझ्याकडं बघत होते. ते विचारत होते, तोंडानं नाही, पण विचारत होते. मीच बोलावली तिला, हे खोटं होतं. मागं मी लागले होते, पंधरा-वीस दिवस, विहिरीजवळ बसून. एवढंच सांगायचं होतं. माझं तोंड उघडलंही असेल. आवाज आला नाही.

आत्या दाराची चौकट धरून खाली बसली. "ह्यापरीस रोग परवडला असता," ती म्हणाली. "रोगाला औषध तरी असतंय."

दादांनी दाभण कोनाड्यात ठेवलं आणि मग बोलले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते मोडता येण्यासारखं नव्हतं. "बाबा, तुम्ही आता दुसरीकडं बघा."

"व्हय मालक," सखाबाबा म्हणाले. तुणतुणं पुन्हा फडक्यात बांधायला त्यांना वेळ लागला, गाठ बसत नव्हती. निघताना माझ्यासमोरून गेले, तरी माझ्याकडं पाहिलं नाही. मला वाचवायचं म्हणून पाहिलं नाही, हे मला पुढं कित्येक वर्षांनी समजलं. तेव्हा वाटलं, रागावले.

ठरलेल्या दिवशी दादांनी मला शहरात नेलंच. डॉक्टरांनी सगळं अंग तपासलं, बोट दाबून पाहिलं आणि काही नाही म्हणाले, घट्टा आहे, हे काम थांबलं की जाईल. "पण एकाच बोटाला कसा? काय करते ही?" दादा म्हणाले, "विहिरीचा दोर ओढती." दोरानं एका बोटाचं टोक तेवढं झिजत नाही, हे त्या डॉक्टरांना ठाऊक असणार. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी दादांच्या सदऱ्याच्या बटणाकडं पाहत राहिले. परतताना दादांनी मला स्टँडवर भजी घेऊन दिली. ती मी खाल्ली. जर्मलचं ताट माळ्यावर गेलं, सोयगावचे पाहुणे आले, सुपारी फुटली आणि मंदाताईचं लग्न झालं. ती सुखात राहिली, हे इथं नोंदवून ठेवते. शेतात गेले तेव्हा लिंबाखाली तीन दगडांची चूल आणि वाळलेल्या लेंड्या होत्या. कुणी म्हणालं, बाबा अजिंठ्याच्या डोंगराकडं गेले. कुणी म्हणालं, मेंढरं विकली. नक्की काही कळलं नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही.

सुनेनं मागं एका प्रदर्शनातून एक तुणतुणं आणलं. शोभेचं आहे, डब्यावर वारली चित्रं काढलेली. टीव्हीच्या वर टांगलंय. घरी कुणी नसताना एकदा मी ते खाली काढलं, कुशीत घेतलं. मनगट विसरलेलं नव्हतं. चार छेडींतच बोट इतकं झोंबलं की परत टांगून ठेवलं.

कारण ते बोट पुन्हा जगलं. मी मुद्दाम काही केलं नाही. तारेशिवाय दोन-तीन महिने गेले आणि टणक कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटू लागली. खाली गुलाबी, नवीन कातडी होती. मंदाताई सासरी गेल्यावर भाकऱ्या माझ्याकडं आल्या होत्या. एका सकाळी तव्यावरची भाकरी फुगली, ती मी नेहमीसारखी त्याच बोटानं दाबली आणि आतली वाफ फुटून बोटावर आली. चटका बसला. मी हात मागं घेतला, बोटाकडं पाहिलं आणि पुन्हा तिथंच ठेवलं.

"लागतंय," मी म्हटलं.

"काय लागतंय?" आत्यानं चुलीपलीकडून विचारलं.

"लागतंय," मी पुन्हा म्हटलं, यावेळी मोठ्यानं, आणि मग थांबता येईना. परातीत पीठ होतं, त्यात डोळ्यांतलं पाणी पडत होतं, तोंडातून जो आवाज येत होता तो माझाच आहे हे मला पटत नव्हतं. मी आईला रडत नव्हते. तीही असेल त्यात, खोटं कशाला बोलू. पण डोळ्यांसमोर फडक्याची न बसणारी गाठ होती, आणि तोंडाशी होतं ते अंगणात बोलायचं राहिलेलं वाक्य. मीच मागं लागले होते, मीच. आता ते ऐकायला अंगणात कुणी उभं नव्हतं. आत्यानं तवा खाली उतरवला, मला ओढून मांडीवर घेतलं. माझे हात पिठाचे होते. ती स्वतःही रडायला लागली होती आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला तो मोडवेना.

"रडली गं बाई," ती माझी पाठ थोपटत म्हणत होती, "आईला रडली माझी पोर. आईलाच ना गं?"

मी मान हलवली, व्हय.